रांगोळीच्या आतली खोली

१८ जानेवारी १९७६, रविवार

अं. झाली, लिं.पू. झाली, ह्यांनी दीड भाकरी खाल्ली. शैली म्हणते, अज्जी, असं तोडून लिहिलं की बाई गुण कापतात. कापू दे. अंघोळ नि लिंगपूजा रोजचीच, रोज पुरी कोण लिहीत बसणार. वही तिचीच, मागल्या वर्षीची, अर्धी कोरी राहिलेली. दुसरीपर्यंत शिकले मी, नात तिसरीत. म्हंजे ती माझ्याहून मोठी.

आज पायरीवर पडलो. दिवाळीपास्नं ह्यांची उजवी बाजू गेली, हात बी, पाय बी, बोलणं बी. मोरी परसात, नि मधे तीन दगडी पायऱ्या. दिवसातनं चारदा उतरवायचं, चारदा चढवायचं. पुढनं लेक महादेव, मागनं मी. दुसऱ्या पायरीवर माझाच पाय मुरगळला नि तिघं बी तितंच बसलो. हे हसले. अर्ध्याच तोंडानं हसतात आता, पण हसले. महादेव मात्र हसला न्हाय. पोरगं आपलं बापाकडं बघत बसलं.

संध्याकाळी जेवताना म्हणाला, परसात एक खोली बांधू. जमिनीला लागून, पायरी नको, मोरी हाताशी. तुमच्या दोघांची. "अव्वा, कशी पायजे ते तू सांग."

लग्न झालं तेव्हा सासऱ्यानं बांधलेलं घर. होटगीला हे पॉइंटमन होते तितं रेल्वेनं दिलेली क्वाटर, चूल कुटं ते रेल्वेनंच ठरवलेलं. हितं सोलापुरात आलो तर महादेवनं घेतलेलं घर. कशी पायजे असं कुणी मला कधी विचारलंच न्हाय. साठी झाली की माझी.

पाठ दुखतीय. तरी झोप आली न्हाय, खुशीनं.

१९ जाने., सोम.

सगळा दिवस खोलीच. भाकऱ्या थापताना खोली, भांडी घासताना खोली. सुमित्रा म्हणाली, अत्ती, आमटीत मीठ दोनदा पडलंय. सून बोलते गोड, पण बोलतेच.

काय काय पायजे:

दार रुंद, ह्यांना धरून दोघं आत शिरतील असं. खिडकी खाली, बाजेवर पडून शेवग्याचं झाड दिसलं पायजे, नुसतं आभाळ बघून माणूस काय करील. वर तुळईला कडी, शैलीच्या पाळण्याला होती तसली. तिला दोर बांधायचा, डाव्या हातानं धरून हे स्वतः उठून बसतील. खाली शहाबादी फरशी, पण घोटून गुळगुळीत नको, ओली झाली की पाय सरकतो.

दोन बाजा. त्यांची नि माझी. मी त्यांच्या डाव्या अंगाला. उजवीकडं मी असले काय नि नसले काय, त्यांना कळतच न्हाय. डावा हात बाहेर काढला की मी सापडले पायजे. हे मुख्य.

आन् उंबरा नको. पाय घासत चालतात, उंबऱ्याला अडकणार.

२० जाने.

उंबरा नको म्हटलं तर शेजारची नरसम्मा कुंपणावरनं बोलायला लागली. मागावर बसून तिचे गुडघे गेलेत पण तोंड शाबूत. बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी येईल कशी म्हणे. मी म्हटलं, लक्ष्मी बी आता आपल्याच वयाची झाली असंल, उंबरा नसला तर सोपंच जाईल तिला. हसून हसून तिला खोकला लागला.

पण मनात राहिलं. मंग सुचलं. उंबऱ्याचा दगड घालायचा, पण फरशीच्या बरोबरीनं पुरायचा. डोळ्याला उंबरा, पायाला न्हाय. हळदकुंकू वाहिलं की झालं. महादेव म्हणाला, अव्वा, तू इंजनेर व्हायला पायजे होतीस. ह्यांच्याकडं बघून म्हणाला. ह्यांनी "हूं" केलं. तेवढंच येतं आता, पण हूं हूं मधे बी फरक असतो. हा मोठा हूं होता.

२२ जाने., गुरु.

आज खोली काढली.

महादेवला कागदावर काढायचं होतं. मला कागदावरचं कळत न्हाय. मी म्हटलं, बाजा बाहेर काढा. दोन्ही बाजा परसात मांडल्या, शेवग्याच्या अलीकडं. मधे वाट, पायथ्याला घडवंची, कोपऱ्यात माझी ट्रंक. मंग त्या सगळ्याभोवती मी रांगोळी घातली. ठिपके घालून सरळ रेघ, दार तितं सोडलं, खिडकी तितं दोन फुलं. शैली दोरी धरायला. कंबर मोडली पण रेघ वाकडी न्हाय गेली एक बी.

मंग ह्यांना आणून बाजेवर निजवलं नि मी माझ्या बाजेवर पडले. भर दुपारी, आभाळाखाली, चार रेघांच्या आत. त्यांनी डावा हात काढला. सापडले मी. शैली दाराच्या जागेवर उभी राहून विचारते, अज्जी आत येऊ का? ये की म्हटलं. आली ती रेघ ओलांडून न्हाय, दारातनंच. गुणाची गं माझी बाय.

गवंडी मौलाभाई येऊन बघून गेला. म्हातारा झालाय, पण हात सरळ. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्याची. रांगोळीभोवती हिंडला, म्हणाला, अम्मा, इतका साफ नक्शा साहेब लोकां बी देत नाहीत. हीच खोली बांध म्हटलं. हीच बांधतो म्हणाला.

२६ जाने.

शैली पांढरा फ्राक घालून झेंड्याला गेली. दगड येऊन पडले. रांगोळी वाऱ्यानं उडते म्हणून रोज सकाळी सडा टाळून वरनं परत भरते. सुमित्रा म्हणते, अत्ती देवापुढची एकदा विसराल, ही न्हाय विसरणार. खरंय की.

पाठ. पाठ. पाठ.

२ फेब्रु., सोम.

मौलाभाईनं नारळ फोडला. मी बघितलं न्हाय. ह्यांना पहाटेपास्नं ताप.

४ फेब्रु.

ताप. डाक्टर छातीत कफ म्हणतात. रात न् दिवस पाठीशी उशा लावून बसवून ठेवायचं. मी मागं टेकू देऊन बसते.

६ फेब्रु.

बाहेर कुदळीचा आवाज येतो. जाऊन बघावं म्हटलं तर उठवत न्हाय. सुमित्रा सांगते, छान चाललंय.

८ फेब्रु.

काय वार हाय ते शैलीला विचारायचं राहिलं. ताप उतरला थोडा. मी दोन घास खाल्ले.

१० फेब्रु., मंगळ.

ताप न्हाय. पेज पिले. लिं.पू. आठ दिवसांनी नीट झाली.

आमची पूजा आता दोघांत एक हाय. लिंग डाव्या तळहातावर धरायचं नि उजव्या हातानं पाणी, विभूती, पान वाहायचं. त्यांचा डावा जिता हाय, उजवा न्हाय. मंग तळहात त्यांचा, वाहायचा हात माझा. आधी वाटायचं चालतं का असं. जंगमस्वामींना विचारलं तर म्हणाले, दोन हात लागतात, ते कुणाकुणाचे हे कुटं लिहिलंय. त्या दिवसापास्नं असंच. त्यांची झाली की मंग माझी मी करते.

तर पूजा करून परसात गेले. भिंती कमरेच्या वर आलेल्या. दगड काय बसवलाय. उंबरा फरशीच्या बरोबर. खिडकी खाली, सांगितली तितंच. मी बोटानं चाचपत चाचपत हिंडले. रडू आलं मला. मौलाभाई म्हणाला, अम्मा, पसंत? मी म्हटलं, लई पसंत.

महादेवला म्हटलं, बाजा लावून बघू चल.

पहिली गेली. दुसरी न्हाय बसली. आडवी करून गेली, उभी करून गेली, पण दोन्ही शेजारी लावल्या की मधे पाय ठेवायला जागा न्हाय नि दार उघडत न्हाय. महादेव परत परत मोजत होता. मला मोजायला लागलं न्हाय. माझ्या हातानं घातलेली खोली, मला कळली. एक बाज कमी होती.

११ फेब्रु., बुध.

झालं ते असं. दगडमातीची भिंत एक हात रुंद असते. मी रांगोळी घातली ती आतल्या जागेची. ताटाभोवती रांगोळी घालतो तर ताट आत बसतं की, रांगोळीवर कोण ठेवतं. मला वाटलं भिंत रेघेच्या बाहेरनं येणार. मौलाभाईनं भिंत रेघेच्या आतनं घेतली. दोन्हीकडनं एकेक हात. दोन हात म्हंजे एक बाज.

मौलाभाईला महादेव जरा तडकून बोलला. मला आवडलं न्हाय, बापाच्या वयाचा माणूस. तो खाली बसला, टोपी काढून हातात घेतली नि माझ्याकडं बघून म्हणाला, "अम्मा, तुमी रोज ताजी रंगोली भरत होता. उस पे कुदाल कैसा मारूं? बरकत की चीज हाय. म्हनून मी अंदरसे खोदा."

आठ दिवस त्यानं नि त्याच्या माणसांनी त्या रेघेवर पाय दिला न्हाय, वळसा घालून दगड आणले म्हणे. भिंतीच्या बाहेर बघितलं तर रेघ अजून हाय. निम्मी पुसली वाऱ्यानं, पायानं एक ठिपका मोडलेला न्हाय.

दक्षिणेची भिंत पाडून परत घेतो म्हणाला, माझी चूक मी निस्तरतो. महादेव म्हणाला, थांब, विचार करू.

मी चहा दिला त्याला. बशीत ओतून प्याला, नि कपबशी स्वतः विसळून उपडी ठेवली.

१३ फेब्रु., शुक्र.

विचार सुरू हाय घरात. मला सोडून सगळ्यांचा.

सुमित्रा म्हणते, पाडायची कशाला. अप्पांची एक बाज छान बसते, चहूबाजूंनी फिरता येतं, उलट सोय. अत्तींनी घरात शैलीजवळ झोपावं. बाजेपास्नं स्वयंपाकघरापर्यंत दोरी ओढू नि तिला घंटी बांधू. त्यांचा डावा हात चालतो की, ओढतील. रातच्याला पाळीपाळीनं आमी उठू.

मी म्हटलं, माणूस हाय का देऊळ हाय, घंटी बांधायला.

ती पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, "अत्ती, तुमी रातच्या पाच वेळा उठता. मी मोजलंय. उद्या तुमी पडलात तर दोघांना उचलायला माणूस कुटनं आणू?"

खोली झाडायला गेले, छप्पर न्हाय त्या खोलीत काय झाडायचं. नुसती झाडत राहिले.

खरं लिहिते, हितं कोण वाचतंय. ती बोलली तेव्हा मला राग आला. पण रागाच्या खाली काहीतरी हलकं झालं. तेच काय ते बोचतंय.

१५ फेब्रु., रवि.

बघू तर खरं, म्हणून महादेवनं ठरवलं. तीन राती तो अप्पांजवळ, मी आत शैलीजवळ.

१६ फेब्रु., सोम.

उठले तर गिरणीचा भोंगा होत होता. नळ येऊन गेलेला. सुमित्रानं पाणी भरून ठेवलेलं. मी एकदा बी उठले न्हाय. दिवाळीपास्नं पहिल्यांदा. शैलीचा पाय माझ्या पोटावर, तोंड उघडं, गालाला लाळ. मी तशीच पडून राहिले नि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू. पाठ दुखत नव्हती. दुखत नसली की पाठ असल्याचं कळत न्हाय, हे विसरलेच होते मी.

मंग आठवलं, नि धावत गेले.

महादेव म्हणाला, शांत झोपले अप्पा, काही त्रास न्हाय. खरंच शांत होते. पण डावा हात बाजेच्या बाहेर लोंबत होता. माझी बाज असते त्या बाजूला. गार पडला होता, बोटं सुजलेली. आत घेतला, चोळला. महादेवला विचारलं, रात्रभर असाच होता का? तो म्हणाला, मी दोनदा आत घेतला, अप्पा परत बाहेर काढत होते. त्याला त्याचं काय वाटलं न्हाय.

१७ फेब्रु.

दुसरी रात. झोपले. आज बी झोपले मी. हात बाहेर होता आज बी.

१८ फेब्रु.

तिसरी. झोपले. काय बाई हाय मी.

हात बाहेर.

१९ फेब्रु., गुरु.

पूजा झाल्यावर तळहात पुसता पुसता ह्यांनाच विचारलं. सरळ. म्हटलं, ऐका, खोली एका बाजेची झालीय. भिंत पाडायची, का मी आत शैलीजवळ झोपू? खरं सांगा.

बोलता येत न्हाय, पण हात बोलतो त्यांचा. तीस वर्षं होटगीला गाड्यांना हात दाखवलेत. वर धरला म्हंजे थांब, आडवा हलवला म्हंजे जाऊ दे. शैलीला बी येतं ते आता, दोघं खेळत असतात.

त्यांनी हात आडवा हलवला. माझ्याकडं बघून नि परत एकदा. जा म्हणाले. झोप तू.

मी म्हटलं, बरं. उठले, पाणी तुळशीत घातलं, नि तितंच हौदाच्या काठावर बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या ह्या माणसानं. रात असो, पाऊस असो. घरात बी तसंच. मी माहेरी मंद्रूपला जाते म्हटलं, जा. लेकाला शिकायला सोलापूरला ठेवू म्हटलं, ठेव. एकदा बी हात वर केला न्हाय चाळीस वर्षांत. आज एकदा करायचा होता की. भांडण झालं असतं, पण मला कळलं तरी असतं.

का त्यांना बी सुटायचं असंल? रातभर मी उठवते, कुशीवर वळवते, पाणी पाजते. ते बी दमत असतील की माझ्या उठण्यानं. हे आजवर मनात आलंच नव्हतं.

दिवसभर काम केलं, काय केलं ते आठवत न्हाय.

२१ फेब्रु., शनि.

शैलीनं विचारलं, अज्जी, तू माझ्याजवळच झोपणार का आता रोज? तिला लई आवडेल. मला बी. तिच्या केसाला वास येतो, पेन्सिलीचा नि तेलाचा. मी म्हटलं, बघू. "बघू म्हंजे न्हाय," ती म्हणाली. शहाणी हाय लई.

सुमित्रानं माझ्या पायाला तेल चोळलं, न सांगता. मी नको म्हटलं न्हाय. ती खाली बघत कानडीत पुटपुटली, साकु अत्ती, साकु, आता पुरे. कशाला म्हणाली ते विचारलं न्हाय. मला बी ते माहीतच होतं.

२२ फेब्रु., रवि.

भिंती पुऱ्या झाल्या, तुळई बी चढली, पत्रा तेवढा राहिलाय. मौलाभाई येऊन सांगून गेला. मंगळवारपास्नं त्याला मंद्रूपला काम लागलंय, दोन महिने दिवसा हितं येणं न्हाय. तेव्हा उद्या ठरवायचं. भिंत पाडायची तर उद्या दिवसात पाडतो, मंग मंद्रूपहून रोज संध्याकाळी सायकल मारत येऊन परत बांधीन. न्हाय तर उद्याच पत्रा घालतो, खोली तयार. "अम्मा बोलेगी वो," म्हणाला महादेवला. मला न्हाय, महादेवला.

पत्रे आज येऊन पडले. शेवग्याला टेकवून ठेवलेत. वारा आला की वाजतात.

ह्यांना दुपारी धरून खोलीत नेलं. एकच बाज. निजले. खिडकीतनं शेवगा बघितला, नि कडीचा दोर धरून स्वतः उठून बसले. दिवाळीपास्नं पहिल्यांदा, कुणी हात न लावता. मोठा हूं केला. चेहरा असा झाला होता, पहिल्यांदा हिरवं निशाण हातात दिलेल्या पोरासारखा. मला वाटलं, खोली चांगली झालीय. कमी असली तरी चांगली झालीय. दारातनं बघत उभी होते मी. आत दुसऱ्याला उभं राहायला जागा होती, पण गेले न्हाय.

२३ फेब्रु., सोम.

अं. झाली. लिं.पू. झाली. पाणी आज मी दोनदा वाहिलं, विसरून. त्यांचा तळहात स्थिर.

काल आत शैलीजवळ झोपले न्हाय, बाहेर सोप्यात त्यांच्याजवळ होते. चार वेळा उठले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. अक्षर वाकडं येतंय, शैली रागवेल.

मौलाभाई आलाय. पहार भिंतीला लावून ठेवलीय, पत्र्याचे खिळे बी घेऊन आलाय, दोन्ही. चहा पितोय. महादेव अर्धा दिवस हापिसला न जाता थांबलाय. मघाशी येऊन माझ्यापुढं बसला नि म्हणाला, "अव्वा, तू काय बी म्हण. आमच्यातलं कोण बी तुला नाव ठेवणार न्हाय." म्हणून तर जड जातंय. कुणी नाव ठेवलं असतं तर त्याच्या उलटं तरी केलं असतं.

मनात दोन्ही बोलून बघितलं. भिंत पाड, मौलाभाई. पत्रा घाल, मौलाभाई. दोन्हीला आवाज सारखाच येतो. पहिलं बोलले की पाठीतनं कळ येते. दुसरं बोलले की तो गार हात डोळ्यापुढं येतो. शेजारी राहून मी आधी गेले तर? न राहता ते आधी गेले तर? असल्या हिशेबाला रांगोळी घालता येत न्हाय.

हे ओट्यावर बसलेत, उन्हात. मी कुटं बसलेय ते दिसतंय त्यांना. बघत न्हायत माझ्याकडं, मुद्दाम. शेवग्याकडं बघतायत.

कपबशी विसळल्याचा आवाज आला. उपडी ठेवली. म्हंजे मौलाभाई उठला.

जाते. तोंड उघडेन तेव्हा मला बी कळेल.